किल्ली कोणाच्या खिशात?

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी महाराष्ट्रातील एका जिल्हाधिकारी कार्यालयातून मला दूरध्वनी आला. बोलणारे अधिकारी तरुण होते. पंचवीस वर्षांपूर्वी मी ज्या खुर्चीवर बसत होतो, त्याच जिल्हा पुनर्वसन अधिकाऱ्याच्या खुर्चीवर ते नुकतेच रुजू झाले होते. ‘‘सर, आपल्या कार्यकाळात संकलन रजिस्टर संगणकावर घेतले होते, असे फायलीवरून दिसते. सीडी सापडली आहे. पण ती उघडत नाही,’’ असे ते म्हणाले.

संकलन रजिस्टर हा शब्द शहरी वाचकाला कदाचित परका वाटेल. धरणात गाव बुडते, तेव्हा कोणत्या खातेदाराची किती जमीन गेली, त्याच्या कुटुंबात माणसे किती, त्याला लाभक्षेत्रात किती पर्यायी जमीन देय आहे, त्याने मोबदल्याच्या ६५ टक्के रक्कम शासनाकडे भरली की नाही, या साऱ्याची नोंद या रजिस्टरात होते. बुडालेल्या गावाचे ते शेवटचे अस्तित्व असते. मूळ कागदी रजिस्टर अभिलेख कक्षाच्या गळक्या छपराखाली निम्मेअधिक कुजले होते. खातेदारांच्या वारसांनी न्यायालयात दावा लावला होता आणि नोंदी सादर करण्यास न्यायालयाने सरकारला सांगितले होते. उरली होती ती फक्त आमची सीडी.

त्या सीडीचा मला एके काळी अभिमान होता. १९९९ साली जिल्ह्याच्या ठिकाणच्या दोन भागीदारांच्या एका छोट्या संस्थेने आम्हाला ती संगणकप्रणाली करून दिली. व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम, खाली ॲक्सेसचा डेटाबेस, वर त्या काळी प्रचलित असलेला एक मराठी फाँट आणि चोरी होऊ नये म्हणून संगणकाच्या मागे खोचायचे ‘डोंगल’. नारळ फोडून उद्घाटन झाले. आज ती संस्था अस्तित्वात नाही, डोंगल कोणत्या कपाटातून कोणत्या भंगारात गेले याचा पत्ता नाही. फायलीतील करारनाम्याची प्रत त्या अधिकाऱ्यांनी मला पाठवली. सात पानांच्या त्या करारनाम्यात संगणकावर घालायच्या धूळरोधक आवरणांची संख्यासुद्धा होती. प्रोग्रॅमचा सोर्स कोड कोणाच्या मालकीचा, तो कोणाकडे राहणार, याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. खाली सही माझी आहे.

निवृत्तीनंतर मी मुलीजवळ बंगळूरच्या व्हाइटफील्डमध्ये राहतो. सॉफ्टवेअरच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी याहून सोयीची जागा देशात क्वचितच असेल. खरे तर या गावाचा जन्म शेतीसाठी झाला. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वाडियार यांनी १८८२ मध्ये युरेशियन आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या वसाहतीसाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली आणि त्या समाजाच्या संघटनेचे नेते डी. एस. व्हाइट यांचे नाव वसाहतीला मिळाले. वर्तुळाकार रस्त्याभोवतीची जुनी घरे आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. १९९० च्या दशकात सिंगापूरच्या सहकार्याने येथे आंतरराष्ट्रीय टेक पार्क उभे राहिले, १९९८ मध्ये बंगळूरला आलेल्या ‘सॅप लॅब्स’ने पुढे येथेच आपले मोठे आवार बांधले, आणि मार्च २०२३ पासून मेट्रोही येऊ लागली. सकाळी कडुगोडीच्या स्थानकातून बाहेर पडणारी गर्दी पाहावी. प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्राची पट्टी आणि पाठीवर लॅपटॉपची पिशवी असते.

आमच्याच इमारतीत अकोल्याकडची एक मुलगी राहते. एका सेवा कंपनीत ती सॅपच्या प्रणालीवर काम करते. गणपतीत आरतीला येते, मला ‘काका’ म्हणते. तिच्यापुढे मी ती सीडी ठेवली. तिने आधी विचारले, ‘‘काका, सोर्स कोड आहे का?’’ नाही म्हटल्यावर ती हसली आणि म्हणाली, ‘‘मग हे घर नाही, फक्त घराचा फोटो आहे.’’

तिच्याकडूनच मी फ्रेमवर्क ही गोष्ट नीट समजून घेतली. कोणताही प्रोग्रॅमर आज कोऱ्या पाटीवर लिहीत नाही. वापरकर्त्याला ओळखून आत घेणे, पडद्यावर अर्ज मांडणे, माहिती साठवणे, छापील प्रत काढणे ही नित्याची कामे करणारा तयार सांगाडा त्याला मिळतो आणि त्याच्या खणांत तो आपल्या कामापुरते नियम भरतो. या सांगाड्याला फ्रेमवर्क म्हणतात. काही सांगाडे एका कंपनीच्या मालकीचे असतात. त्यांची अंतर्रचना गुप्त असते आणि ते कसे वापरायचे, किती काळ वापरायचे, हे कंपनीचा परवाना ठरवतो. काही सांगाडे मुक्त असतात. त्यांचा सोर्स कोड कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो, पुढे देऊ शकतो. एकदा हजारो पडदे आणि लाखो ओळी एका सांगाड्यात भरल्या की तो बदलणे म्हणजे बहुधा सारे पुन्हा लिहिणेच असते. माझ्या या शेजारणीची सात वर्षांची कमाई सॅपच्या ‘अबॅप’ या स्वतःच्या भाषेत आहे. ती भाषा सॅपच्या जगाबाहेर फारशी चालत नाही. सॅपने आपल्या जुन्या बिझनेस सूटची नियमित देखभाल २०२७ अखेर थांबवण्याचे २०२० मध्येच जाहीर केले. त्यामुळे जगभरातील मोठमोठ्या कंपन्यांना नव्या आवृत्तीकडे जाण्याचे वेळापत्रक आखावे लागले. तिला त्यात काम मिळाले आहे, तिची तक्रार नाही. पण वेळापत्रक ग्राहकाने आखलेले नाही, हे तिने आपणहून सांगितले.

आमचे व्हिज्युअल बेसिक याच वाटेने गेले. त्याची सहावी आवृत्ती १९९८ मध्ये आली. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉट नेट हे नवे फ्रेमवर्क आणले, आणि नावात ‘व्हिज्युअल बेसिक’ कायम असूनही जुने प्रोग्रॅम त्यात सरळ चालेनात. एप्रिल २००८ मध्ये जुन्या साधनाचा आधार पूर्ण संपला. तयार प्रोग्रॅम पुढेही चालत राहिले, हे न्यायाने सांगितले पाहिजे; पण त्यांत दुरुस्ती करणारी माणसे आणि साधने दोन्ही विरळ होत गेली. सरकारी कार्यालयांत ज्याच्यावर अर्धा संसार चालत होता त्या फॉक्सप्रोचे हेच झाले. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि २००७ मध्ये पुढील आवृत्ती निघणार नाही, असे जाहीर केले. खुद्द मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१४ मध्ये डॉट नेटचा गाभा मुक्त करण्याची घोषणा केली, यावरून बाजाराचा वारा कोणीकडे वाहतो हे कळते. व्हाइटफील्डमधील तरुण आज जी वेबसाइट किंवा मोबाइल ॲप घडवतात, त्यांच्या पायाशी बहुतेक मुक्त फ्रेमवर्कच असते.

मी १९९९ मध्ये मुक्त पर्याय निवडायला हवा होता, असे मात्र मी म्हणणार नाही. त्या वेळी लिनक्सवर देवनागरी धड दिसतही नव्हती. व्हिज्युअल बेसिकमुळेच जिल्ह्याच्या गावातील दोन तरुण चार महिन्यांत आम्हाला उपयोगी पडणारी वस्तू बनवू शकले. बंदिस्त साधनांची ही बाजू मुक्ततेचे कैवारी अनेकदा विसरतात. माझी चूक दुसरी होती. या घरात शिरताना बाहेर पडायचा दरवाजा कोठे आहे, हे मी विचारलेच नाही.

डेटाबेसचे कुलूप त्या मुलीने एका संध्याकाळी काढले. जुन्या ॲक्सेसचा पासवर्ड फार कच्चा असतो, असे ती म्हणाली. आकडे दिसू लागले. नावांच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हे आणि कंसांचा चिवडा होता. हा खास आपल्या भाषेचा आजार आहे, आणि बंदिस्त सांगाड्याची किंमत म्हणजे काय, ते मला त्यानेच खरे शिकवले.

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले होते आणि युनिकोडमध्ये देवनागरीची जागाही त्याच साली ठरली होती. परंतु बाजारातले मराठी फाँट वेगळ्याच पद्धतीने चालत. प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर आपल्या मर्जीने मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते. एकाचा ‘क’ दुसऱ्याचा ‘द्य’ होई. कोणत्या क्रमांकावर कोणता तुकडा, ही कंपनीची मालमत्ता. भरीस भर म्हणजे हे फाँट टंकलेखन यंत्राप्रमाणे चालत. जे डोळ्यांना आधी दिसते ते आधी साठवले जाई. ‘शिर्के’ हे आडनाव घ्या. युनिकोडमध्ये आधी श, मग वेलांटी, मग रफाराचा अर्धा र, मग क आणि मात्रा. जुन्या फाँटमध्ये वेलांटी श च्या आधी आणि रफार क च्या नंतर. तुकड्यांचा तक्ता हाती लागला तरी हा क्रम न सावरता नाव उलगडले, तर शिर्क्यांचे भलतेच काही होते. न्यायालयात वारसाचे नाव एका काना-मात्रेने चुकले, तर प्रतिज्ञापत्रे, राजपत्र, पंचनामा असे शुक्लकाष्ठ मागे लागते, हे खेड्यातल्या कोणालाही विचारावे.

ज्याने आमची सुटका केली तो एक लहानसा रूपांतरक होता. त्या फाँटचा तक्ता तयार करून कोणीतरी तो मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी ठेवून दिला होता. तो आमच्या नोंदींना जसाच्या तसा लागू पडला नाही. जोडाक्षरांत चुका होत होत्या. पण त्याचा सोर्स कोड समोर असल्यामुळे त्या मुलीला दोन रविवारांत तो दुरुस्त करता आला. मी शेजारी बसून ‘हा ह्र नव्हे, ऱ्ह आहे’ असे सांगत होतो. शासकीय सेवेतील चौतीस वर्षांत मी इतके नेमके काम क्वचित केले असेल.

याच सुमारास, जुलै २०२५ मध्ये, वृत्तपत्रांत एक बातमी आली आणि माझ्या लहानशा प्रकरणाला मोठी चौकट मिळाली. मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या कंपनीची गुजरातेतील वाडिनार येथे वर्षाला २ कोटी टन क्षमतेची तेलशुद्धीकरण शाळा आहे. कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा जवळपास निम्मा हिस्सा आहे. युरोपीय संघाने १८ जुलै रोजी तिच्यावर निर्बंध घातले, आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले, परवाने चालू, भारतीय कायद्याचा भंग झालेला नाही, अमेरिकेनेही असे निर्बंध घातलेले नाहीत. तरी कर्मचाऱ्यांच्या ईमेल बंद. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे १९७८ आठवल्याशिवाय राहत नाही. जनता सरकारच्या काळात परकीय चलन नियमन कायद्याखाली भागभांडवल कमी करण्यास आयबीएमने नकार दिला आणि त्या वर्षी ती भारतातून गेली. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री होते. कंपनी गेली, पण तिची यंत्रे येथेच राहिली. त्यांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली आणि आपल्या अभियंत्यांनी ती यंत्रे खोलून, समजून घेऊन चालती ठेवली. २०२५ मध्ये खोलण्यासारखे आपल्या हाती काहीच नसते. सॉफ्टवेअर आता विकत मिळत नाही, भाड्याने मिळते; त्याचा दिवा दूरच्या खंडातून मालवता येतो. ४७ वर्षांपूर्वीचे आपण या एका बाबतीत आजच्यापेक्षा अधिक स्वतंत्र होतो, हे विधान अतिशयोक्त वाटेल, पण मला ते मागे घ्यावेसे वाटत नाही.

नायरा प्रकरणानंतर ‘स्वदेशी’ची हाक आली. केंद्रीय मंत्र्यांनी आपण चेन्नईच्या झोहोची साधने वापरू लागल्याचे जाहीर केले, शिक्षण मंत्रालयाने अधिकाऱ्यांना तेच वापरण्याचे निर्देश दिले. केंद्राच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ईमेलही झोहोच्या व्यवस्थेवर गेली आहे. झोहोबद्दल मला आदर आहे. परक्या भांडवलाच्या मागे न धावता तिने जागतिक दर्जाचे काम उभे केले, आणि एखाद्या परकीय संघराज्याच्या आदेशाने ती आपली सेवा थांबवण्याचा संभव खूपच कमी. एवढा लाभ खराच. तथापि झोहोची उत्पादनेही बंदिस्तच आहेत. स्वदेशी असणे आणि मुक्त असणे हे दोन वेगळे गुण आहेत. सार्वजनिक चर्चेत त्यांची सरमिसळ होते आहे. आमचे पुनर्वसनाचे सॉफ्टवेअर शंभर टक्के स्वदेशी होते. ते जिल्ह्याच्याच गावात बनले होते, बनवणाऱ्यांपैकी एकाला मी लग्नाच्या पंगतीत भेटलो होतो. परकीय निर्बंधांची तेथे गरजच पडली नाही. दोन भागीदारांचे पटेनासे झाले, एवढे पुरेसे ठरले.

हे सरकारला कोणी सांगितले नव्हते असेही नाही. २८ मे २००३ रोजी पुण्यात एका माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या समारंभात तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी बिल गेट्स यांच्याशी झालेल्या आपल्या चर्चेचा दाखला दिला आणि भारतासारख्या देशाने मुक्त सॉफ्टवेअरकडेच वळले पाहिजे, असे स्पष्ट बजावले. नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण आले. मार्च २०१५ मध्ये केंद्राने मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. निविदेत मुक्त पर्यायाचा विचार बंधनकारक असावा आणि तो नाकारल्यास पुरवठादाराने कारण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. त्याच वर्षी सरकारी प्रणालींचा सोर्स कोड खुला करण्याचेही धोरण निघाले. कागदावर भारत या विषयात जगातील पुढारलेल्या देशांत शोभेल.

मग अडते कोठे? जेथे अडते त्या टेबलावर मी बसलेलो आहे, म्हणून सांगतो. निविदा समितीत कोणीही मूर्ख नसतो, बहुधा भ्रष्टही नसतो. तो भित्रा असतो, आणि त्याच्या भीतीला कारण असते. नामांकित कंपनीचे महागडे उत्पादन घेतले आणि ते फसले, तर दोष कंपनीचा. मुक्त प्रणाली घेतली आणि ती फसली, तर दोष घेणाऱ्याचा. लेखापरीक्षक विचारतो, हमी कोणी दिली? मुक्त सॉफ्टवेअरला वार्षिक उलाढाल नसते, बयाणा रक्कम भरायला कोणी येत नाही, आणि आपल्या निविदांतील पात्रतेच्या अटी तर उलाढालीनेच सुरू होतात. ‘मुक्त पर्यायाचा विचार केला, तथापि तो योग्य आढळला नाही’ हे वाक्य टिपणीत लिहायला एक मिनिट लागते. तेवढ्याने धोरणाचे पालन होते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नवा पुरवठादार येतो, जुन्याचे काम वाचता येत नाही म्हणून सारे नव्याने लिहितो, आणि त्या नव्या खर्चाला मात्र कोणी आक्षेप घेत नाही, कारण ती रीतसर निविदा असते.

व्हाइटफील्डपासून दूर, बंगळूरच्या दक्षिण टोकाला इलेक्ट्रॉनिक सिटीतील ट्रिपल-आयटीमध्ये २०१८ पासून ‘मोसिप’ नावाची मुक्त ओळखप्रणाली घडवली जाते. नागरिकांच्या ओळखपत्राची व्यवस्था एखाद्या परकीय कंपनीच्या हाती कायमची अडकू नये म्हणून फिलिपाइन्स, मोरोक्को यांसारख्या देशांनी ती स्वीकारली. मुंबईत जन्मलेले ‘फ्रॅपे’ हे फ्रेमवर्क आणि त्यावर उभे असलेले ‘ईआरपीनेक्स्ट’ देशोदेशी लहान-मोठे उद्योग वापरतात. त्याचा प्रत्येक अक्षरन् अक्षर सोर्स कोड कोणालाही वाचता येतो. म्हणजे बाहेर पडायच्या दरवाजासकट घर बांधण्याची विद्या आपल्याकडे आहे. इतर देश ती आपल्याकडून घेत आहेत. आपली जिल्हा कचेरी मात्र अजून डोंगल शोधते आहे.

अर्थात मुक्ततेची जपमाळ ओढल्याने काम भागत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’ या जावाच्या एका छोट्या मुक्त घटकातील दोषाने जगभरच्या बँका आणि सरकारे हादरली. हा घटक असंख्य प्रणालींत होता आणि त्याची देखभाल मूठभर स्वयंसेवक करीत होते. गूगलचे अँग्युलरजेएस हे मुक्त फ्रेमवर्कच होते. त्याचाही आधार त्याच महिन्यात संपला. टेराफॉर्मसारख्या साधनांच्या कंपन्यांनी आधी मुक्त परवान्यावर जग जिंकले आणि २०२३ मध्ये परवानाच बदलला. फरक एवढा की अशा वेळी जुना कोड घेऊन लोकांना स्वतंत्र वाट धरता येते, आणि टेराफॉर्मच्या बाबतीत ती धरलीही गेली. म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला, सुमारे १५ हजार संगणक पालटले, आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरवले. सोर्स कोड हाती असणे आणि तो वाचणारी माणसे पगारावर असणे या दोन गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीला पैसा लागतो.

केरळला हे वेळीच उमगले. तेथील ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने सुरुवात बंदिस्त साधनांनीच केली होती. शिक्षक संघटनांनी आक्षेप घेतला आणि पुढच्या काही वर्षांत शाळांतील संगणक शिक्षण संपूर्णपणे मुक्त प्रणालीवर गेले. परवान्याचा वाचलेला पैसा ही त्यातली मोठी गोष्ट मला वाटत नाही. मोठी गोष्ट अशी की त्यांनी बाहेरच्या कंपनीऐवजी शिक्षकांनाच प्रशिक्षक केले. आपल्या मुलांना लागेल तशी प्रणाली बांधणारी माणसे राज्याच्या सेवेतच तयार झाली. महाराष्ट्रात पुण्याची सी-डॅक आहे, राष्ट्रीय सूचना केंद्राची उत्तम माणसे आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालयांची तर गणती नाही. तरी जिल्हा पातळीवर सरकारी प्रणालीचा कोड वाचू शकेल असे एकही पद आस्थापनेवर नाही. वाहनचालकाचे पद आहे, नाईकाचे आहे.

पदव्युत्तर अभ्यासाच्या काळात मी पुण्याच्या पेशवे दप्तरात काही महिने मोडीचे रुमाल सोडत बसलो होतो. मराठेशाही बुडाल्यावर ते दप्तर इंग्रज सरकारच्या ताब्यात गेले आणि मराठी संशोधकांना तेथे कित्येक दशके सहज प्रवेश नव्हता. राजवाडे गावोगाव फिरून खासगी घराण्यांची दप्तरे जमवत राहिले, त्याचे हे एक कारण. १९३० च्या दशकात सरदेसायांनी त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तेव्हा ते भांडार जगापुढे आले. दार शंभर वर्षे बंद होते, तरी आतले कागद वाचता येत होते. कारण मोडी ही कोणा एका कारकुनाची मालमत्ता नव्हती. ती शिकलेला कोणीही अठराव्या शतकातला जमाखर्च आज लावू शकतो. माझ्या कारकिर्दीतील २६ वर्षांपूर्वीची यादी वाचायला मात्र मला परराज्यात शेजारणीचे दार ठोठवावे लागले.

एकूण ३४१ खातेदारांची नावे आम्ही त्या तरुण अधिकाऱ्यांना पाठवली. सोबत साध्या मजकुराच्या स्वरूपातली एक प्रत दिली, म्हणजे ती कोणत्याही संगणकावर उघडेल. त्यांनी तलाठ्याला घेऊन पुनर्वसित गावठाणात चावडीसमोर ती यादी मोठ्याने वाचून दाखवली. म्हाताऱ्या माणसांनी ३३० नावे ओळखली, कोण कोणाचा चुलता आणि कोणाची जमीन ओढ्याच्या अलीकडे होती, हेही सांगितले. ११ नावे पटलेली नाहीत. फाँटच्या गोंधळात ती बिघडली, की १९९९ मध्ये आमच्याच टंकलेखकाने चुकीची घातली, हे ठरवायला काही साधन नाही.

गेल्या आठवड्यात त्या अधिकाऱ्यांनी नव्या पुनर्वसन प्रणालीच्या निविदेचा मसुदा माझ्याकडे अभिप्रायासाठी पाठवला. ५२ पाने आहेत. पुरवठादाराची उलाढाल तिसऱ्या पानावर आहे. सोर्स कोडचा उल्लेख या वेळी आहे: ‘आवश्यकतेनुसार विभागास उपलब्ध करून दिला जाईल.’ मी ती ओळ खोडली. संपूर्ण सोर्स कोड आणि सर्व नोंदी युनिकोडमध्ये, मुक्त स्वरूपात, दर तिमाहीला विभागाच्या ताब्यात द्याव्यात. विभागाच्या माणसाने त्यावरून प्रणाली दुसऱ्या संगणकावर स्वतः उभी करून दाखवल्याखेरीज त्या तिमाहीचे देयक मंजूर करू नये, असे समासात लिहिले. त्यांचे उत्तर कालच आले. सूचना उत्तम आहे, असे ते म्हणतात. मात्र विभागाचा माणूस म्हणजे नेमका कोण, असे लेखाधिकाऱ्यांनी विचारले आहे.